टँकरवर लागलेली झोप

घोरणारा माणूस सुखी असतो, असं आमच्या लातूरकडं ज्यानं पहिल्यांदा सांगितलं, तो मला एकदा सापडायला हवा. त्याच्या छातीवर पोतंभर ज्वारी ठेवीन आणि म्हणेन, घे आता सुखानं श्वास.

माझं घोरणं साधं नव्हतं. पत्र्यावरचे दगड सरकायचे. चार घरं पलीकडची म्हैस पान्हा चोरायची. सोयरीक जुळवताना आईनं हा गुणच म्हणून सांगितला होता, "पोरगं पडलं की घोरतंय बघा, कसलीच काळजी न्हाई जिवाला." सासरे खूश. बायकोला कोण विचारतो? लग्नानंतर तिलाच दिसलं, की मी घोरता घोरता मध्येच थांबतो, श्वासच घेत नाही, आणि मग बुडता माणूस वर यावा तसा धापा टाकत उठतो. सकाळी मला यातलं काही आठवायचं नाही. डोकं जड, आणि दिवसा जिथं टेकेन तिथं झोप.

जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. कचेरीत खुर्च्यांचा रंग वाळला नव्हता, आणि बाहेर जमीन वाळून भेगाळली होती. आम्हा कारकुनांना टँकरवर बसवलं. काम एवढंच, की टँकर गावच्या विहिरीत ओतून घ्यायचा आणि वहीत तसं लिहायचं.

त्या दिवशी रेणापूरच्या रस्त्याला असे खड्डे होते की मेलेला उठून बसला असता. मी उठलो नाही. एका धोतरवाल्यानं गदागदा हलवलं तेव्हा जागा झालो.

"साहेब, झाला रिकामा. लिहा."

मी लिहिलं, 'पाणी विहिरीत सोडले', आणि सही ठोकली.

पाणी त्या धोतरवाल्याच्याच मळ्यातल्या हौदात गेलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "मी विचारलं की, साहेब, हितंच का? तुमी हं म्हणलात." मी घोरत होतो, हो!

परत निघालो तर विहिरीवर घागरी मांडून बसलेल्या बाया रस्त्यावर. एक म्हातारी टँकरपुढं उभी राहिली. "कुठाय त्यो बाबू? हितं लेकरायच्या तोंडाला पाणी न्हाई अन् ह्यो गाडीत घोरून राहिला!"

कचेरीत साहेबांनी कोरा कागद सरकवला. "आळसामुळं झोप लागली, पुन्हा होणार नाही, असं लिहा. पुन्हा झालं तर घरी बसाल."

"पुन्हा होणार, साहेब. उद्याच होणार."

सगळी कचेरी हसली. माझ्या अंगाची लाही झाली. मी कागद घडी करून घरी आणला. बायको म्हणाली, "ह्याच्यावर अंगठा बी लावू नका. आधी दवाखाना."

नांदेडच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मला सोडून तिलाच विचारलं. तिनं माझं घोरणं असं करून दाखवलं की बाहेरची अर्धी रांग पळाली. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बंद होते. मेंदू घाबरून क्षणभर जागं करतो, यांना पत्ताही नसतो. रात्रभर हेच. यांची झोप होतच नाही." वजन उतरवा, कुशीवर झोपा, म्हणाले. बायकोनं बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात रबरी चेंडू घातला. उताणा झालो की टोचायचा.

मी खुलाशात 'आळस' लिहिलाच नाही. 'आजार' लिहिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडली.

साहेब म्हणाले, "घोरणं आजार? मग माझी अख्खी सासुरवाडी भरती करावी लागेल!"

"करा साहेब. आजच करा. त्यात कुणी गाडी चालवत असेल तर त्याला आधी करा."

त्यांनी चिठ्ठी फायलीला लावली. नोकरी राहिली. टँकरवरून काढून मला दप्तरखान्यात टाकलं. पण त्याआधी एक फेरी मी भांडून मागून घेतली.

रेणापूरपासून टँकरच्या पायरीवर उभा राहून गेलो, बसलोच नाही. पाणी विहिरीत पडेस्तोवर पाइप माझ्या हातात होता. म्हातारी आली. तिला मी सगळं सांगितलं, घसा, मेंदू, चेंडूसुद्धा.

तिनं ऐकून घेतलं. "असंल बाबा आजार. पर त्या दिशी माजी घागर रिकामीच गेली की."

यावर माझ्याकडं चिठ्ठी नव्हती.