थांबाचं कार्ड

आमच्या पंपाच्या कारखान्यात त्याला सगळे 'थांबा' म्हणत. दुरुस्त झालेला पंप त्याच्याकडे चाचणीला जायचा. कोणी बटणाकडे हात नेला की हा ओरडायचा, "थांबा!" मग बोल्ट तपासायचा, तेल तपासायचा, शाफ्ट हाताने फिरवायचा आणि मगच चालू करायचा. पंप आठ तास चालल्याशिवाय सही नाही. वरचा साहेब आला तरी आठ म्हणजे आठ.

सही एका जाड कार्डावर असायची. पंपाचा नंबर, वेग, किती तास चालवला आणि खाली एक रकाना, 'दोष'. हे कार्ड तो तारेने पंपाला बांधायचा. दोषाच्या रकान्यात तो दोष लिहायचा आणि तो कोणाचा, तेही लिहायचा. 'फिटरने पॅकिंग कमी भरलं.' तो फिटर मी. कार्ड बांधलेला पंप चार खात्यांतून फिरला. मी तीन महिने त्याच्याशी बोललो नाही. शाफ्टभोवतीची गळती थांबवणारं ते पॅकिंग मात्र मी कमीच भरलं होतं.

दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. घरं दोन गल्ल्या सोडून. त्याची मुलगी इमारतींची चित्रं करते. इमारत बांधायच्या आधीच तिच्या आतून चालल्यासारखी फिल्म कॉम्प्युटरवर बनवायची, हा तिचा धंदा. दहा वर्षं दुसऱ्याच्या ऑफिसात केलं, यंदा स्वतःचं सुरू केलं. पहिलंच मोठं काम मिळालं ते एका रुग्णालयाचं. चार मिनिटांची फिल्म, शुक्रवारी दुपारी बाराच्या आत. उशीर झाला तर ते काम तिच्या जुन्या ऑफिसकडे जाणार होतं. तिथल्या साहेबाने तिला निघताना ऐकवलं होतं, "सहा महिन्यांत परत येशील."

तिचा कॉम्प्युटर पाच वर्षांचा. फिल्म म्हणजे सहा हजार चित्रं, आणि प्रत्येक चित्र त्याने गणित करून रंगवायचं. तिने अंदाज काढला. सात दिवस सात रात्री. फिल्मची तयारी व्हायला अजून आठवडा, मग हातात उरणार होते सहा.

"बाबा, याचा वेग वाढवता येतो म्हणे," ती म्हणाली.

थांबाने चष्मा पुसला. "कोणाचा?"

"प्रोसेसरचा. त्याच्या आत एक ठोका असतो. ठोके वाढवले की काम वाढतं."

"आणि उष्णता?"

"तीही वाढते."

"मग हे मला कळतं," थांबा म्हणाला.

खरंच कळलं त्याला. आठवडाभर तो मदरबोर्डचं पुस्तक घेऊन बसला. मला त्याने समजावलं ते असं: पंप जोरात फिरवला तर जास्त वीज लागते, जास्त वीज दिली की बेअरिंग तापतं, बेअरिंग तापलं की पंप गडबडतो. इथेही तेच. वेग एक पायरी चढवायची, चालवून बघायचं. अडखळला तर व्होल्टेज केसभर वाढवायचं. तापला तर थंड करायची सोय बघायची. मूळ वेग ३.६ होता, म्हणजे सेकंदाला ३६० कोटी ठोके. त्याने तो ३.८ केला, मग ४, मग ४.२. प्रत्येक पायरीला वहीत वेळ आणि तापमान. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, चहा ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, घरात सध्या दोन प्रोसेसर आहेत. दोन्ही तापलेले."

मुदतीच्या आधीच्या शुक्रवारी त्याने जुना पंखा काढून मोठा बसवला. प्रोसेसर आणि पंख्याचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये एक राखाडी पेस्ट लावतात, उष्णता वर जावी म्हणून. मी शेजारी बसलो होतो. थांबाने ती लावली आणि चार स्क्रू बोटाने बसतील एवढेच आवळले.

"पुरे?" मी विचारलं.

"आत्ता पुरे. उद्या संध्याकाळी पूर्ण आवळतो. पेस्टला जरा बसू दे."

मी मान हलवली. पंपाच्या दोन तोंडांमध्ये सील करायचा मसाला भरतो तेव्हा आम्ही असंच करायचो. आधी हलकं आवळायचं, मसाला घट्ट होऊ द्यायचा, मग जोर लावायचा. चाळीस वर्षांची सवय. दोघांपैकी एकालाही हे सुचलं नाही, की ही पेस्ट घट्ट होतच नाही. ठोकळा दाबून बसला तरच ती कामाची.

शनिवारी सकाळी, गारव्यात, ४.६ वर एक तास चाचणी झाली. तापमान चौऱ्याऐंशी अंश. एकही चूक नाही.

"झालं तर मग," मुलगी म्हणाली. "लावते काम."

"थांबा."

"बाबा, आता कशाला?"

"आठ तास."

"हा पंप नाही हो!"

"पंप नाही म्हणूनच. पंप बिघडला तर ओरडतो. हा ओरडेल याची काय खात्री?"

"माझ्याकडे फक्त बारा तास जादा आहेत. त्यातले आठ तुम्हीच खाल्ले आणि मध्ये वीज गेली तर?"

"घाईने काम केलंस तर दोनदा करावं लागेल."

"आणि बसून राहिले तर एकदाही होणार नाही."

वाद तसाच सोडून तो चष्म्याचा दांडा बसवून घ्यायला दुकानात गेला. परत आला तेव्हा काम सुरू झालेलं होतं. साडेबारा वाजले होते. तो आल्या पावली फिरला. तसाच माझ्याकडे आला आणि खुर्चीत बसला.

"स्क्रूंचं सांगितलंस?" मी विचारलं.

"आधी ऐकलं असतं तर सांगायची वेळच आली नसती."

"अरे, सांग जाऊन."

"तिने विचारलं का मला?"

मी पुढे बोललो नाही. बोलायला हवं होतं. मुलगी बापावर गेली होती आणि बाप काही बदलणार नव्हता.

रविवारी दुपारी ऊन चढलं. संध्याकाळी पाचला थांबाचा फोन आला. "फिटर, ये."

मुलगी स्क्रीनसमोर बसली होती. रुग्णालयाची पांढरी भिंत, त्यावर काळे ठिपके. पुढच्या चित्रात नाहीत, त्याच्या पुढच्यात पुन्हा आहेत. दुपारी एकपासूनची चित्रं अशीच. कॉम्प्युटर बंद पडला नव्हता, अडला नव्हता. शांतपणे चुकीचं काम करत होता. तापमान अठ्ठ्याण्णव.

"परत जावं लागणार मला त्या ऑफिसात," ती म्हणाली. रडली नाही. आवाज मात्र सपाट झाला होता.

थांबा उभा होता. मग म्हणाला, "स्क्रू अर्धे आहेत."

"काय?"

"पंख्याचे. चारही. काल संध्याकाळी आवळणार होतो. तू सुरू केलंस आणि मी रागावलो."

ती त्याच्याकडे वळली. "दीड दिवस तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

मला वाटलं आता भांडण होणार. वहिनी दारात आल्या होत्या, त्यांनाही तसंच वाटलं असावं. पण तिने फक्त हात पुढे केला. "स्क्रू ड्रायव्हर द्या. मी काढते."

पंखा काढला. पेस्टचा थर बोटभर नसला तरी जाड होता, एका बाजूला पोकळी. पेस्टही जास्तच झाली होती, अति तिथे माती. स्पिरिटने पुसलं, मटारच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवली आणि स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे करत पूर्ण आवळले. वेग ४.४ वर आणला. तो तिचाच निर्णय. तासाभरात सगळं झालं. तापमान पंचाहत्तर.

मग तिने दुपारी एकच्या आधीची चित्रं चांगली धरून हिशेब मांडला. आत्ता सुरू केलं तर शुक्रवारी साडेदहाला संपणार. दीड तास जादा. आठ तासांची चाचणी बसत नव्हती.

तिने बापाकडे बघितलं. या वेळी तिने विचारलं, "बाबा, काय करू?"

चाळीस वर्षांत थांबाने चाचणीशिवाय एक पंप सोडला नव्हता. त्याने वही उघडून तापमानांच्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "कामालाच चाचणी समजू. लाव. पण प्रत्येक चित्र डोळ्यांखालून गेलं पाहिजे. तू नको, तू झोप. मी बघतो. आणि हा बघेल."

हा म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून आमच्या पाळ्या लागल्या. वहिनींच्या जुन्या लॅपटॉपवर एकेक चित्र उघडायचं, भिंत, छत, जमीन, खिडकी बघायची आणि पुढचं उघडायचं. चार तास तो, चार तास मी. रुग्णालयाच्या रिकाम्या बोळातून मी इतका चाललो, की पाय दुखतील असं वाटलं. पुष्कळशी चित्रं सारखीच. मान आखडते, डोळ्यांतून पाणी येतं. पण पाळी म्हणजे पाळी.

मंगळवारी मला एक सापडलं. ते शनिवारी दुपारचं होतं, जे आम्ही चांगलं धरून चाललो होतो. दरवाजाच्या मुठीजवळ टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. थांबाने भिंग लावून बघितलं.

"फिटर, हे दिसलं कसं तुला?"

"पॅकिंग कमी भरल्यापासून नीट बघतो मी."

तो हसला नाही, पण वहिनी हसल्या. पहिल्या दिवसाची अशी एकतीस चित्रं निघाली. ती पुन्हा करायला पाऊण तास. दीड तासातला पाऊण गेला. स्क्रू आवळल्यानंतरच्या चित्रांत एकही निघालं नाही.

शुक्रवारी सव्वाअकराला शेवटचं चित्र झालं. अकरा चाळीसला तिने फिल्म पाठवली. साडेबाराला फोन आला. ती ऐकत होती आणि आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. फोन ठेवून ती म्हणाली, "दुसरी इमारतही मलाच." मग जेवण न करताच जाऊन झोपली.

शनिवारी सकाळी थांबाने मला पुन्हा बोलावलं. कॉम्प्युटर चाचणीवर लावला होता, ४.४ वर.

"आता कशाला? काम तर झालं."

"कामाचं झालं. यंत्राचं राहिलं."

सकाळी आठ ते दुपारी चार. आम्ही बसून राहिलो. एकही चूक नाही. मग त्याने कपाटातून कार्ड काढलं. कारखान्याचंच, कडा पिवळ्या पडलेलं. वेग लिहिला, तास लिहिले. दोषाच्या रकान्यात सावकाश लिहिलं: 'स्क्रू अर्धे आवळले. माहीत असून सांगितलं नाही. दोष चाचणीवाल्याचा.' आणि सही.

मुलगी मागे येऊन उभी होती. तिने वाचलं.

"अर्धंच लिहिलंय," ती म्हणाली आणि पेन घेतलं. जागा कमी होती, म्हणून बारीक अक्षरात लिहिलं: 'चाचणी पूर्ण न करता सुरू केलं. दोष मुलीचा.'

"सही कर," थांबा म्हणाला. "सहीशिवाय कार्ड नाही."

तिने सही केली. त्याने तार घेतली, कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागच्या जाळीतून ओवली आणि पक्कडीने दोन पीळ दिले. मग कार्ड ओढून बघितलं, पक्कं बसलंय का ते.