कोयत्यांची यादी

सोसायटीत कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता काम हलकं होणार. काम काही हलकं झालं नाही, किस्से तेवढे साचत गेले.

शिरूर कासारची आमची सोसायटी ऊसतोड मजुरांची. मी ऑपरेटर. दुष्काळाचं वर्ष होतं, गावात हाताला काम नव्हतं. यादीत नाव असेल तर ट्रकात जागा, नसेल तर घरी बसा. मी पुण्याहून C ही कॉम्प्युटरची भाषा शिकून आलेलो, अंगात मस्ती भरपूर. नाव टाईप केलं की प्रोग्राम ते लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे साखळीसारख्या यादीत, आपल्या जागी घुसवायचा आणि शेवटी ए टू झेड छापायचा.

हेडक्लार्क अण्णांनी विचारलं, "चालतं कसं हे?"

"प्रत्येक नावाला फक्त पुढचं नाव माहीत असतं."

"म्हणजे रेशनची लाईन. एवढ्यासाठी पुण्याला गेलतास?"

*

एकानं नाव मागं घेतलं. मी ते काढलं, पण आधीच्याला पुढच्याशी जोडायचं विसरलो. प्रिंट निघाली ती अर्धीच.

मुकादम भानुदास म्हणाला, "एक गडी आजारी पडला, तर निम्मं गाव पुसलं व्हय?"

*

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मी मात्र सगळी नावं सुटी सुटी लावली, आणि ट्रक भरायचे यादीच्या क्रमानं. आश्रुबा पहिल्या ट्रकात, त्याची यमुना शेवटच्या. ट्रकही वेगवेगळ्या कारखान्यांचे.

"काडीमोड कोर्टात होती," भानुदास म्हणाला, "तुमी प्रिंटरवर केली."

मग मी एका नोडमध्ये, म्हणजे यादीच्या एका कप्प्यात, दोन नावं घेतली. दुसरं नाव रिकामं असेल तर नोंदच घ्यायची नाही, अशी अटही घातली. या अटीचा मला लई अभिमान होता.

*

सरूबाईचा नवरा वारलेला. तिचं एकच नाव, मशीन घेईना. दोनदा येऊन गेली. ट्रक चुकला तर सहा महिने खायचं काय, एवढंच विचारायची. मला तिच्याकडं बघायची लाज वाटायला लागली.

तिसऱ्यांदा ती आली, तर मागोमाग तिची जाऊ. गयाबाई. तिचाही नवरा गेलेला. बांधावरून दोघींचं बोलणं बारा वर्षं बंद, हे अख्ख्या तालुक्याला माहीत. दोघी टेबलाच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या.

गयाबाई मला म्हणाली, "हिचं अन् माझं नाव एकात टाका."

अण्णांना राहवलं नाही. "आवो, पण तुमचं तर बोलणं न्हाई."

सरूबाई भिंतीकडं बघत म्हणाली, "ऊस तोडाया बोलावं कशाला लागतंय?"