फरासान बेटावर ऐकलेलं ग्रेनाडा

माझी धाकटी जाऊ रुखसाना व्हिजिट व्हिसावर येणार असं कळलं, तेव्हाच मी ठरवलं की हिला सौदीतलं एखादं बेट दाखवायचंच. गेली दोन वर्षं ती मला तिच्या बेटाचे फोटो पाठवत होती. ग्रेनाडा म्हणजे कॅरिबियन समुद्रातला एक देश. एक मोठं बेट आणि शेजारी काही लहान बेटं, एवढाच. तिचा नवरा, माझा दीर नाझीम, जेद्दाला मोबाईलच्या दुकानात होता. सौदीकरणात, म्हणजे परदेशी काढून सौदी माणसं ठेवायच्या नियमात, मोबाईलची दुकानं आधी गेली, तेव्हा तो खुरूज लावून, म्हणजे कायमचं निघण्याचा शिक्का घेऊन, ग्रेनाडाला एका गुजराती शेठच्या गोदामात लागला. त्या वेळी मला दोघांची कीव आली होती. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं होतं.

मग फोटो सुरू झाले. धबधबा, जंगलातलं तळं, समुद्र. तेवढ्यावर थांबली असती तर चाललं असतं. पण शाळेचं फाटक, मशिदीचा दरवाजा, हलाल कोंबडीच्या दुकानाची पाटी! मी मनात म्हणायची, कोंबडीचं दुकानसुद्धा मिरवते ही. एकाही फोटोला मी उत्तर दिलं नाही.

आता पाळी आमची होती. आमचे हे ताइफला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात. कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, सांगून टाकलं होतं की नव्या नियमात काउंटरवर सौदी माणूस बसवावा लागेल, चार महिने बघा. त्यात माझ्या आणि मुलीच्या इकाम्यावरची, राहण्याच्या परवान्यावरची, फी दरवर्षी वाढतेय. निघायच्या आदल्या दिवशी हे मला म्हणाले, "अगो, रुखसानाकडे विषय काढ. तिकडे शेठकडे माझ्यासाठी काही जमेल का ते विचार. मी थोरला, मी नाझीमला कसं विचारू?"

मी हो म्हटलं. पण तिच्यापुढे हात पसरायचा, हे काही मनाला पटेना.

ताइफ ते जिझान

पहाटे फजरची नमाज पढून निघालो. आम्ही दोघं, दहा वर्षांची सना आणि रुखसाना. बाहाच्या घाटातून खाली उतरलो की किनाऱ्याचा सरळ रस्ता लागतो. घाटात माकडं, बोगदे आणि कान बंद करणारे उतार. ज्यांना गाडी लागते त्यांनी आवळासुपारी जवळ ठेवावी. इकामे आणि पासपोर्ट वरच्या कप्प्यात असू द्यात, चेकपोस्टवर मागतात. मी तांदळाच्या भाकऱ्या, सुकं मटण आणि कोलंबीचं लोणचं घेतलं होतं, त्यामुळे बाहेरचा खर्च फक्त चहा आणि पेट्रोलचा. पेट्रोल मात्र महागलंय, ते धरून चाला.

घाटातली माकडं बघून सना ओरडली, "मॉम, लुक!"

रुखसाना लगेच, "आमच्याकडे पण आहेत, भाबी. पण ती तिथली नाहीत. आफ्रिकेतून माणसं गुलाम करून जहाजांत भरून आणली, त्याच जहाजांतून माकडं आली. आता ती डोंगरातल्या तळ्यापाशी येऊन लोकांच्या हातातलं केळं नेतात."

"ही काय कमी आहेत? काचेवर बसतील आता," मी म्हटलं. माझ्या माकडांची बाजू मला का घ्यावीशी वाटली, देव जाणे.

जिझानला फर्निश्ड खोली दीडशे रियालला मिळाली. मालक दोनशे सांगत होता; मी चादरी उचलून बघितल्यावर उतरला.

बोट आणि बेट

फरासानला जाणारी मोठी बोट फुकट आहे. खरंच फुकट! नाव मात्र आधी नोंदवावं लागतं, आणि गाडी न्यायची तर तिची वेगळी नोंद. सकाळची फेरी पकडली तर दिवस मिळतो. तासाभराचा प्रवास. पाणी इतकं निळं की मी रुखसानाकडे बघितलं, आता काय म्हणते ते.

"सुंदर आहे," ती म्हणाली. मग क्षणभराने, "आमचं हिरवं आहे. डोंगराची सावली पडते ना."

झालं. माझ्या समुद्राला सावली नाही.

आधी कस्सारच्या जुन्या गावात गेलो. समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडाची घरं, वर खजुराच्या झावळ्या, मधे गोड्या पाण्याच्या विहिरी. उन्हाळ्यात बेटावरचे लोक खजुराच्या सावलीला इथे राहायला यायचे म्हणे. मग मोत्यांच्या व्यापाऱ्याचं घर. भिंतीवर चुन्याची नक्षी अशी कोरलेली, की आपण लेस विणतो तशी. तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराने विचारलं, "हिंदी?" म्हणजे हिंदुस्तानी का. आम्ही मान डोलावली तसा तो खूश झाला. "मुंबई! मुंबई! लूलू मुंबई!" लूलू म्हणजे मोती. इथले मोती मुंबईच्या बाजारात जायचे आणि येताना जहाजं लाकूड, रंग, कापड घेऊन यायची. जवळच एका मोती व्यापाऱ्याने बांधलेली मशीद आहे, तिच्या सजावटीचं सामानही हिंदुस्तानातून आलेलं. तिथे दुपारची जोहरची नमाज पढताना वाटलं, आमच्या रत्नागिरीकडचाच कुणी खलाशी ते ओझं उतरवून इथेच कपाळ टेकून सजद्यात गेला असेल. माझं मन भरून आलं. बाहेर आल्यावर रुखसानाला तसं सांगितलं.

ती चप्पल घालता घालता म्हणाली, "आमच्याकडे आपले लोक व्यापारी म्हणून नाही आले, भाबी. गुलामी बंद झाल्यावर मळ्यांवर राबायला माणसं हवी होती, म्हणून करार करून आणले. शेजारच्या म्हातारीचं आडनाव आपल्याकडचं, पण भाषा एक शब्द येत नाही. मी जायफळ किसून घातलेली खीर दिली तर रडली."

"जायफळ तिकडे कुठलं?"

"आमच्याकडे? परसात! झेंड्यावर जायफळ आहे आमच्या." आणि तिने पर्समधून एक काढून सनाच्या हातावर ठेवलं, लाल जायपत्री वाळून पिवळी झालेली. सना त्याला नाक लावून म्हणाली, "चाची, योर कंट्री इज सो कूल."

योर कंट्री! दोन वर्षांत देश झाला तिचा. मी इथे चौदा वर्षं आहे, माझ्या मुलीने मला असं कधी म्हटलं नाही. कसं म्हणेल? दरवर्षी इकामा नवा करून राहणारी मी.

हरणं आणि खारफुटी

हरणं बघायची तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा. फरासानची हरणं बारीक चणीची, मातीच्याच रंगाची; शेपटी हलली की कळतं. राखीव रान आहे, गाडीतून उतरू नका. सातआठ दिसली. हे म्हणाले, "बघ, प्यायला पाणी नाही तरी जगतायत."

रात्र बेटावरच काढून दुसऱ्या दिवशी खारफुटीत जायला लहान बोट ठरवली. बोटवाला अडीचशे म्हणाला, दीडशेला आला. त्यात माझा अर्धा तास गेला, पण मासे भाजून द्यायचं कबूल करून घेतलं. पाण्यातून वर आलेली मुळं, मधून बगळे, खाली वाळू दिसेल इतकं स्वच्छ. मी रुखसानाला ऐकवलं, "अशी खारफुटी नसेल तुमच्याकडे."

"आहे, थोडी. पण किनाऱ्यावर कासवं येतात अंडी घालायला, या बोटीएवढी. आणि एक पारवा आहे, जगात फक्त आमच्याच बेटावर. मी अजून बघितला नाही." मग उत्तरेच्या कड्याची गोष्ट सांगितली. फ्रेंच आले तेव्हा तिथले मूळचे लोक लढत लढत त्या कड्यापर्यंत हटले आणि शरण जाण्याऐवजी त्यांनी समुद्रात उड्या घेतल्या. मग फ्रेंच, मग इंग्रज, पुन्हा फ्रेंच, पुन्हा इंग्रज. "सगळे बाहेरून आलेले, भाबी. म्हणून आम्हाला कुणी विचारत नाही, तुम्ही कधी जाणार."

बोटवाला घाई करायला "यल्ला, यल्ला" म्हणत मासे पालटत होता. मी काटे काढत बसले. हेवा कसा असतो माहीत आहे? समोर पोपटमासा भाजलाय, वर निळं आभाळ, आणि तुम्हाला फक्त दुसरीचं जायफळ दिसतं.

परतीची बोट

यांनी दोनदा डोळ्यांनी खुणावलं. परतीच्या बोटीत बायकांच्या बाजूला आम्ही दोघीच होतो. सना खिडकीला. मी बिस्मिल्ला म्हणून तोंड उघडलं.

"रुखसाना, नाझीमच्या शेठकडे यांच्यासाठी काही जागा निघेल का?"

ती माझ्याकडे वळली. "भाबी, आता विचारताय?"

"म्हणजे?"

"आठ महिने जागा रिकामी होती. गोदामाचा हिशेब बघायची. शेठ रोज नाझीमना विचारायचे, तुझा भाऊ येतो का. मागच्याच महिन्यात माझ्या भावाला दिली."

"मग बोलली का नाहीस?"

"मी? नाझीम म्हणाले, धाकट्याने थोरल्याला 'ये, तुला नोकरी देतो' म्हणायचं? अब्बा असते तर कानाखाली दिली असती. थोरल्याने मागायचं, मग धाकट्याने धावायचं, असंच ना आपल्या घरात? म्हणून मी फोटो पाठवत राहिले. सनासाठी शाळा. तुमच्यासाठी मशीद. तुम्ही हलालशिवाय खात नाही म्हणून ते दुकान, दोन बसेस बदलून गेले होते मी तिकडे. वाटलं, बघाल आणि विचाराल. तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. मला वाटलं, आमचं बेट तुम्हाला हलकं वाटतं."

माफी मागितली मी, पण ती माफी माझ्याच कानाला अपुरी वाटली.

घरी

रुखसाना जेद्दाहून गेली. जाताना तिने मला मिठी मारली आणि मी तिच्या नव्या अबायाचं कापड बोटांनी चाचपून बघितलं. सवय जात नाही.

तुम्ही फरासानला जरूर जा. थंडीत जा, दोन रात्री ठेवा, मशिदीत वेळ काढून बसा. चौघांना खोल्या, पेट्रोल, छोटी बोट धरून फार खर्च येत नाही. आम्हाला महागात पडली ती सहल नव्हे.

यांना सांगायला मला तीन दिवस लागले. सगळं सांगितलं. फोटोंना उत्तर का दिलं नाही तेही. यांनी काढलेले पायमोजे एकात एक गुंडाळून ठेवले. मग म्हणाले, "नियमाची कुणकुण लागल्यापासून मी पण आठ महिने नाझीमला लावायला फोन उचलून परत ठेवतच होतो ना." आणि उठून नाझीमला फोन लावला.

"नाझीम, पुढची जागा निघाली तर आधी मला सांग. कसलीही असू दे," हे म्हणाले. थोरल्याने धाकट्याकडे मागितलेलं मी या घरात पहिल्यांदा ऐकलं. पलीकडून नाझीमचा आवाज इतक्या मोठ्याने आला की यांना फोन कानापासून लांब धरावा लागला. "मोठे भाई, तुम्ही नुसतं म्हणायचा अवकाश होता!"

जागा अजून निघालेली नाही. चार महिन्यांतला एक सरला. शाळा संपली की मी आणि सना बहुतेक रत्नागिरीला जाऊ. रोज रात्री इशाच्या नमाजनंतर दुआ मागते, त्यात रुखसानाचं नाव घेते. तिच्याकडचं डोंगराच्या सावलीचं पाणी, परसातलं झाड, कधी जाणार असं कुणी न विचारणारा तो देश, हे सगळं आठवून अजून हेवा वाटतो. तरी नाव घेते. आधी तिचं, मग आमचं.