तिडके मॅडमचा दवाखाना आणि त्याभोवतीचं रान

डॉ. वसुधा तिडके यांच्याकडे मी पहिल्यांदा गेलो तो काम मागायला. वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या शाखेतली पदव्युत्तर पदवी मी नुकतीच घेतली होती. स्वतःचा दवाखाना काढण्याची हिंमत नव्हती आणि नाशिक रोडला मॅडमना सहायक हवा आहे, असं माझ्या एका शिक्षकांनी सांगितलं होतं. पत्ता शोधत त्यांच्या बंगल्याशी पोचलो, तर फाटकाला दोरी बांधलेली होती आणि पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ‘बुलबुल अंड्यांवर बसली आहे. कृपया मागच्या दाराने यावे.’ मी मागून गेलो. तिथल्या बाकावर तारा लावलेली मुलं आणि त्यांच्या आया नंबराची वाट पाहत बसल्या होत्या. फाटक बंद असण्यात त्यांच्यापैकी कुणालाच काही नवल वाटत नव्हतं.

मॅडमनी मला प्रश्न फारसे विचारले नाहीत. एक सरळ तार आणि पक्कड हातात दिली आणि समोरच्या दातांच्या साच्यावर बसेल अशी कमान करायला सांगितली. झाल्यावर ती त्यांनी काचेच्या तुकड्यावर ठेवली. एक टोक किंचित उचललेलं राहिलं. ते बोटाने दाबून पाहत त्या म्हणाल्या, “हे असंच तोंडात गेलं तर दाढ वर येत राहील आणि तुम्हाला कित्येक महिने कळणार नाही. उद्यापासून या.” नापसंती आणि होकार त्यांनी एकाच आवाजात सांगितला. पुढे इतकी वर्षं त्यांच्यासोबत काम केलं, पण तो आवाज फारसा बदललेला मी पाहिला नाही.

मॅडमचं माहेर मखमलाबादच्या बाजूचं. घरी फुलशेती होती. झेंडू, शेवंती, गुलाब बाजारात न्यायचे, त्यातून घर चालायचं. त्या घरातून शिकून डॉक्टर झालेल्या त्या पहिल्याच. अंगणाची आवड तिथूनच आली असणार असं आम्ही गृहीत धरायचो. मॅडमना ते पटत नाही. शेतावर फुलाला एक भोक दिसलं की फवारणी व्हायची, आणि आपण लहानपणी फुलपाखरापेक्षा फवारणीचा पंपच जास्त पाहिला, असं त्या सांगतात. लग्नानंतर स्वतःची जागा मिळाली तेव्हा त्यांनी ठरवलं, की इथे काहीही फवारायचं नाही. सुरुवात एवढीच होती.

त्यांचं अंगण पाहून नवीन माणसाला वाटायचं की माळी सोडून गेला असावा. कडीपत्त्याची पानं अळ्यांनी कुरतडलेली, कुंपणाला करवंदी आणि रुई, कोपऱ्यात वाळक्या फांद्यांचा ढीग, जमिनीवर उथळ परळात पाणी आणि मधमाश्यांना बसायला त्यात एक दगड. परळाच्या पाण्यात अळ्या होऊ नयेत म्हणून ते रोज सकाळी बदललं जाई, आणि ते काम मॅडम दुसऱ्या कुणाला देत नसत. दवाखान्याला मोठी काच बसवली तेव्हा तिच्यात आभाळ दिसायचं आणि पाखरं येऊन आपटायची. मॅडमनी काचेवर बाहेरून थोड्या थोड्या अंतरावर दोऱ्या सोडल्या. काच बसवणाऱ्या माणसाला ते आवडलं नाही, पण आपटणं थांबलं.

त्यांच्या व्यवसायातल्या निष्ठेबद्दल मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या गौरवग्रंथात इतर जण लिहितीलच. मी एकच प्रसंग सांगतो. एकदा एक आई तिच्या लग्नाच्या वयाच्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या पुढच्या दोन दातांत बारीकशी फट होती. स्थळं येताहेत, लवकर बंद करून द्या, असा आईचा आग्रह होता. मॅडमनी मुलीचं तोंड नीट तपासलं. मग आईला बाहेर बसायला सांगून त्यांनी मुलीला विचारलं, की तुला ही फट नकोशी वाटते का. मुलगी म्हणाली, की माझ्या आजीलाही अशीच आहे, मला चालते. मॅडमनी आईला आत बोलावलं आणि दात निरोगी आहेत, चावण्यात दोष नाही, मुलीची इच्छा झाली तर तिने स्वतः यावं, असं सांगून दोघींना परत पाठवलं. आई रागावून गेली. मॅडम पुढच्या पेशंटकडे वळल्या.

आता ज्या घटनेने दवाखाना आणि अंगण या दोन्हींची परीक्षा पाहिली, ती सांगायला हवी. थंडीचे दिवस होते. सकाळी मी पोचलो तेव्हा मॅडम फाटकापासून दवाखान्यापर्यंतच्या वाटेच्या कडेला साठवलेला पालापाचोळा हाताने उचलून मागे नेत होत्या. मला आधी आवाज आला, कुकरची वाफ सुटावी तसा. मग मॅडम सरळ उभ्या राहिल्या आणि डावा हात उजव्या हाताने धरून म्हणाल्या, “घोणस आहे. कुणी मारू नका. गाडी काढायला सांग.”

त्यांचे यजमान श्रीकांतराव तेव्हा बाहेर गेले होते. शेजारचे पगारे साहेब, नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, आवाज ऐकून आले आणि त्यांनी गाडी काढली. कुणीतरी हातावर रुमाल आवळून बांधायला धावलं, तर मॅडमनी बांधू दिला नाही. अंगठी आणि घड्याळ काढून माझ्याकडे दिलं आणि हात न हलवता गाडीत बसल्या. वाटेत त्यांनी मला फक्त कामाचं सांगितलं. विंचूरची मुलगी आज येईल, तिची तार बदलू नकोस, नुसतं बघ आणि पुढची तारीख दे. बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता.

पुढचे दिवस कठीण गेले. औषध वेळेवर मिळालं म्हणून जीव वाचला, पण हात कोपरापर्यंत सुजला. मूत्रपिंडांवर परिणाम होईल का याची डॉक्टरांना काळजी होती. ते संकट टळलं. डाव्या हाताच्या तर्जनीचं मांस मात्र खराब झालं. शस्त्रक्रिया करावी लागली आणि ते बोट सांध्यात कायमचं ताठ झालं. आमच्या कामात उजवा हात पक्कड धरतो आणि डाव्या हाताची बोटं तार वळवतात. म्हणजे काय गेलं, हे मॅडमना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

घोणस सर्पमित्रांनी नेऊन सोडली, पण कॉलनीत भीती बसली आणि ती रास्त होती. पगारे साहेबांनी भेटायला आल्यावर स्पष्ट सांगितलं, की आमच्याकडे लहान नात आहे, आता हे रान काढा. श्रीकांतराव ओझरच्या विमान कारखान्यात इंजिनियर होते, स्वभावाने अत्यंत सौम्य. त्यांनी तर जागा सपाट करणाऱ्या माणसाशी बोलणंही केलं होतं. मी घरी येईपर्यंत थांबा, असं मॅडम हॉस्पिटलच्या खाटेवरून म्हणाल्या, तेव्हा श्रीकांतरावांना प्रथमच संतापलेलं मी पाहिलं. “तुझं बोट गेलं, वसुधा. आणि तू अजून त्या सापाचीच बाजू घेतेस?”

मॅडमनी सुजलेला हात उशीवर नीट ठेवला. मग म्हणाल्या, “बाजू नाही घेत. ढीग वाटेच्या कडेला मी केला आणि न बघता हात मी घातला. पेशंटची पोरं त्याच वाटेने येतात, श्रीकांत. पोरांपैकी कुणाला चावली असती तर मीच सगळं काढून टाकलं असतं. मला जरा विचार करू दे.”

घरी आल्यावर त्यांनी विचार केला आणि अंगण बदललं. वाटेच्या दोन्ही बाजूंची जमीन मोकळी करून तिथे फरशी घातली. मुलांचे बाक आत घेतले. फांद्यांचा आणि पाल्याचा ढीग पार मागच्या कोपऱ्यात गेला आणि त्याला जाळीचं कुंपण झालं. पाखरांना दाणे टाकणं त्यांनी बंद केलं, कारण दाण्यांमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. त्यामुळे चिमण्या कमी झाल्या. याचं त्यांना वाईट वाटलं, पण निर्णय फिरवला नाही. मागची बाजू मात्र तशीच राहिली आणि तिकडे जाताना बूट आणि हातात काठी हा नियम झाला. पगारे साहेबांचं या तडजोडीने समाधान झालं नाही. त्यांनी आपल्या भिंतीच्या पायातली सगळी बिळं सिमेंटने बुजवून घेतली. मॅडमनी त्यासाठी आपल्या बाजूची करवंदी तोडून वाट करून दिली. दोघांचं मत आजही वेगळं आहे. नातीला तारा लावायची वेळ आली, तेव्हा पगारे साहेब तिला मॅडमकडेच घेऊन आले.

मॅडमचा हात बरा होईपर्यंत दवाखाना माझ्यावर होता. तारा लावलेल्या मुलांना थांबा म्हणता येत नाही, तोंडात तारेचं काम चालूच असतं. सर्वांत अवघड काम विंचूरच्या प्राजक्ताचं होतं. तिचे वडील कांद्याचे व्यापारी. तिचा वरचा एक सुळा टाळूतच अडकून राहिला होता. छोटी शस्त्रक्रिया करून तो उघडा केलेला होता आणि बारीक तारेने हळूहळू जागेवर ओढून आणायचा होता. महिने जात होते आणि काही दिसत नव्हतं. कॉलेज सुरू होण्याआधी हे व्हायला हवं, असं वडील दर वेळी म्हणायचे. जोर थोडा वाढवावा असं मलाही वाटू लागलं होतं.

हाताला पट्टी असतानाच मॅडम एके दिवशी खाली येऊन माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या. त्यांनी आधीचा आणि आताचा एक्स-रे उजेडासमोर धरले, आणि म्हणाल्या, “हलतोय. तुला दिसत नाही एवढंच. जोर वाढवलास तर शेजारच्या दाताचं मूळ झिजेल. आहे तेवढाच ठेव.” मग त्या सांगत गेल्या आणि मी तार वळवत गेलो. माझ्या हाताला खरं शिक्षण त्या महिन्यांत मिळालं.

प्राजक्ता सगळं ऐकत होती. तोंड मोकळं झाल्यावर तिने विचारलं, “मॅडम, तुमचं बोट सरळ होणार नाही का?”

मी खाली बघितलं. मॅडमनी बोट तिच्यासमोर धरलं. “नाही होणार,” त्या म्हणाल्या. “तुझा दात होईल.”

झाला. कॉलेज सुरू झालं तेव्हा तो जेमतेम हिरडीबाहेर डोकावत होता आणि वडील नाराज होते. पण नंतर तो आपल्या जागी आला आणि शेजारच्या दाताला काही झालं नाही. त्या दिवशी मॅडमनी दात तपासायचा छोटा आरसा वडिलांच्या हातात दिला आणि तो सुळा त्यांना नीट पाहायला लावला.

मॅडम स्वतः रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर टाकाऊ तारा घेऊन बसत. तर्जनीचं काम मधल्या बोटाकडून करून घ्यायला त्या शिकत होत्या. कमान करायची, काचेवर ठेवायची, टोक उचललेलं दिसलं की टाकून द्यायची. श्रीकांतराव समोर बसून वर्तमानपत्र वाचत, मध्येच एखादी कमान उचलून आपल्या इंजिनियरच्या नजरेने पाहत आणि मान हलवत. हे बरेच महिने चाललं. एक दिवस मॅडमनी पेशंटसाठी कमान केली, काचेवर ठेवली, एकही टोक उचललेलं नव्हतं, आणि तोंडात बसवली. दवाखान्यात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तसं केलेलं त्यांना चाललंही नसतं.

पुढे मी ओझरला स्वतःचा दवाखाना काढला. सुरुवातीलाच माझ्या आईचं मोठं ऑपरेशन झालं आणि मला तिच्याजवळ राहावं लागलं. मी काही मागितलं नव्हतं. मॅडमनी फोन करून दवाखान्याची किल्ली कुठे आहे एवढंच विचारलं. श्रीकांतराव गाडी चालवत त्यांना घेऊन यायचे. परत आल्यावर मी पेशंटची कार्डं पाहिली. माझ्या काही निर्णयांशी त्या सहमत नसणार, हे मला माहीत होतं. त्यांनी एकही उपचार बदलला नव्हता. पेशंटशी बोलताना त्या ‘तुमच्या डॉक्टरांनी ठरवलंय तसं’ असं म्हणत, हे मला नंतर पेशंटकडूनच कळलं. आईला भेटायला त्या आल्या, तेव्हा या कशाचा उल्लेखही केला नाही. तिच्याशी शेवंतीच्या रोपांवर बोलत बसल्या.

त्यांना ओळखणाऱ्यांना त्यांचे दोषही माहीत आहेत. फोनवर त्या तुटक बोलतात. कौतुक करताना हात आखडता घेतात. समारंभाला उशिरा येतात आणि लवकर उठतात. अमृतमहोत्सव साजरा करायचा ठरलं तेव्हा त्यांनी आधी नकारच दिला. विद्यार्थ्यांनी फारच धरल्यावर मान्य केलं ते या अटीवर, की हारतुरे नकोत आणि लेखात कुणी त्यांना देवपण देऊ नये. ती अट पाळण्याचा मी प्रयत्न केला आहे.

अलीकडे त्या थोडेच पेशंट पाहतात. थंडीत ते बोट सकाळी ठणकतं, मग गरम पाण्यात धरून बसतात. या वर्षी मागच्या कोपऱ्यात, भिंतीपासून लांब, त्यांनी उंबराचं रोप लावलं. पगारे साहेबांनी कुंपणापलीकडून विचारलं, की या वयात उंबर कशाला, फळं धरायला किती वर्षं लागतील. मॅडम म्हणाल्या, “लागू देत. मी कुठे चाललेय?”

आम्हा सर्व विद्यार्थ्यांचं आणि सहकाऱ्यांचं मागणं त्यांच्या या उत्तराहून वेगळं नाही. त्या उंबराला फळं धरोत, तांबट पक्षी त्यावर भांडोत, आणि ते बघायला मॅडम निरोगी डोळ्यांनी, बूट घालून, काठी टेकत, स्वतःच्या पायांनी तिथवर चालत जावोत.