नऊ वर्षांच्या मुलीची जबानी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. अकोल्याला बी.ए. झालो आणि अमरावतीच्या एका पोलीस ठाण्यात रायटर म्हणून लागलो. काम जबान्या लिहायचं. माझ्या जबान्या वकीलही वाखाणत. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू?

एक दिवस भातकुलीकडचा एक माणूस नऊ वर्षांच्या पुतणीला घेऊन आला. तिला आईबाप नव्हते, काकाकडेच राहायची. पाठीवर वळ. काका म्हणाला, शाळेच्या मास्तरनं मारलं. फौजदारांनी तिला टेबलासमोर उभं केलं.

"मास्तरनं मारलं ना?"

"हो जी."

"छडीनं?"

"हो जी."

"रोजच मारते ना तो?"

"हो जी."

पाच मिनिटांत कागद भरला. फक्त अंगठा राहिला. तो उमटला की मास्तर कोठडीत, अन् पोरगी काकासोबत घरी. मला बसवेना. आमच्याकडे लेकरू मोठ्या माणसाला नाही म्हणत नाही; म्हटलं तर थोबाडीत बसते. मीही तसाच वाढलो. मी विचारलं, "काय वं माय, तू हत्तीवर बसून आली ना?"

"हो जी."

शिपाई फिसकन हसला. फौजदार हसले नाहीत.

"बी.ए., हा काय तमाशा लावला?"

"साहेब, हत्तीचंही लिहू का मग?"

ते चिडले, पण काकाला त्यांनी शिपायासोबत बाहेर बसवलं. "दहा मिनिटं. मग मी अंगठा घेतो."

मी टोपी काढली, तिच्याजवळ जमिनीवर बसलो. "मी तिथं नव्हतो माय. मले काहीच माहीत नाही. मी चुकलो तर चुकलो म्हण, कोनी मारत नाही. सांग, मी तुही आजी आहो ना?"

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. "नाही... तुमाले मिशा आहेत."

"हां! आता पाठीचं सांग. जसं झालं तसं."

आणि मी गप्प बसलो. तेच कठीण होतं. फौजदार पेन्सिल आपटत होते, माझ्या जिभेवर दहा प्रश्न येत होते, मी गिळत होतो. बाहेर काका खोकलला की ती दाराकडे बघायची. मी उठून दार लोटलं.

"गाय सुटली होती," ती म्हणाली. "काकानं दाव्यानं मारलं. मास्तरनं तेल लावून देल्लं."

"काकानंच ना?" फौजदार बोलून गेले. मी हात वर केला. साहेबापुढं हात! पण ते थांबले.

तिच्याच शब्दांत लिहिलं, काही सुधारलं नाही. फौजदार स्वतः बाहेर गेले. "तुमी बसा इथंच. पोरगी तुमच्यासोबत येत नाही."

दोन दिवसांनी अकोल्याहून तिची मावशी येऊन तिला घेऊन गेली. मला बरं वाटायला हवं होतं. पण त्याआधी मी लिहिलेल्या लेकरांच्या जबान्या डोळ्यांपुढं येऊ लागल्या. ती लेकरं ज्यांच्यासोबत आली, त्यांच्यासोबतच घरी गेली होती.