कपाळावरचा तिळगूळ

इथे आखातात, खैतान भागातल्या आमच्या घरात आज बायको तीळ भाजतेय, आणि वासानेच माझं कपाळ ठणकायला लागलंय.

मी फिजिओथेरपिस्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी युद्धात हात भाजलेली एक चिमुरडी आमच्या हॉस्पिटलात आली होती. बोटं हलवली नाहीत तर ती कायमची आखडणार होती, पण मी दिसलो की ती थुंकायची. संक्रांतीला मी तिच्या त्याच हातात बायकोचा दगडासारखा लाडू ठेवला.

“घे, आता तरी गोड बोल.”

“चालता हो, गाढवा,” ती अरबीत म्हणाली, आणि लाडू माझ्या कपाळावर हाणला.

बोटं वळली होती, उघडलीही होती. मी हर्षभराने डब्यातला दुसरा लाडू दिला, मग तिसरा. तेव्हा वाटलं, खेळतेय. आज कळतं, ती मनापासून मारत होती.

त्या दिवशी शेवटी रिकामा डबा पाहून ती गुरगुरली, “उद्या मोठे आण.”