सुकेपर्यंत

आमच्या यांच्याइतका सावकाश माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे आंघोळीला गेले की शेजारच्यांचं जेवण उरकायचं. दुकानात मात्र हाच सावकाशपणा लोकांना गुण वाटायचा. घरी तो निस्तरायला मी होतेच.

दुकान जेमतेम एक गाडी मावेल एवढं, आणि काम एकच: कापडी एअर फिल्टर धुणं. इंजिनात जाणारी हवा गाळायला गाडीत फिल्टर असतो. कागदी असला तर मळल्यावर फेकून देतात. कापडी मात्र धुऊन, तेल लावून वर्षानुवर्षं वापरता येतो. हे आधी तो हलकेच आपटून सुटी धूळ झाडत, मग साबणाचं औषध फवारून दहा मिनिटं भिजू देत. पाणी आतल्या बाजूने बाहेर सोडायचं, तेही बारीक धारेनं, म्हणजे धूळ आल्या वाटेनं परत जाते. मग सावलीत उभा करून ठेवायचा. ऊन नको, ड्रायर नको, हवेचा पाइप तर नकोच, कापड फाटतं. पार सुकला की एकेका चुणीवरून लाल तेलाची एकच रेघ ओढायची. तेल कमी पडलं तर धूळ आत जाते. जास्त झालं तर ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं आणि गाडी आचके देत भररस्त्यात बंद पडते.

हे सगळं यांना शिकवलं दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी. आईवडील लवकर गेले, तेव्हा बारा वर्षांनी मोठ्या असलेल्या दादांनीच यांना लहानाचं मोठं केलं. सव्वीस वर्षं दोघे दोन स्टुलांवर शेजारी शेजारी बसून काम करत. दिवसभरात दहा वाक्यं बोलत असतील, त्यातली सहा चहाबद्दल.

मग दादांची नजर कमी झाली. पांढऱ्या कापडावरचं लाल तेल त्यांना दिसेना. कबूल करतील तर ते दादा कसले. अंदाजानं तेल लावत राहिले, आणि एकाच चुणीवरून तीन-तीनदा हात फिरला. त्या फिल्टरची गाडी पुलावर बंद पडली. गिऱ्हाईक दुकानात येऊन वाटेल ते बोललं. तेव्हा माझ्या या सावकाश नवऱ्यानं जन्मात एकदाच घाई केली, तीही जिभेनं. 'दादाला आता दिसत नाही,' हे म्हणाले. 'पुन्हा त्याच्या हातात बाटली देणार नाही.' दादा तिथेच स्टुलावर बसले होते. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, हात पुसले आणि घरी गेले. महिन्याभरात ते दुसऱ्या गावी मुलीकडे राहायला गेले.

दोन वर्षं दोघांनी एकमेकांना फोन केला नाही. मला मात्र दोघेही विचारायचे, 'तो बरा आहे ना?' मी म्हणजे यांच्या घरची पोस्टमन. एकदा मी यांना म्हटलं, 'चुकलो म्हणायला काय पैसे पडतात?' हे म्हणाले, 'म्हणायला तोंड पाहिजे.'

त्या रविवारी सकाळी दहाला पुतणीचा फोन आला. 'काकू, बाबा काकांना बोलावताहेत. रात्रीपासून तेच चाललंय. डॉक्टर म्हणतात, आजच आलात तर बरं.' यांनी नेमका आमच्याच गाडीचा फिल्टर काढून धुतला होता आणि मागच्या ओट्यावर ठेवला होता.

'चला,' मी म्हटलं.

'फिल्टर ओला आहे.'

'मग त्याच्याशिवाय चला. दोन तासांत गाडी काही मरत नाही.'

'रस्ता सगळा खणून ठेवलाय. ती धूळ सरळ इंजिनात जाईल.'

'बसने जाऊ.'

'बस एकची. साडेचारला पोचवते. हा दोनपर्यंत सुकेल, तेल लावून आपणही साडेचारलाच पोचू.'

हिशेब बरोबर होता, म्हणून मी पिशवी भरायला घेतली. एकची बस गेली. दोन वाजता मी मागे जाऊन फिल्टरला बोट लावलं. कोरडा ठणठणीत. एवढ्यात यांची चाहूल लागली, तशी मी दाराआड झाले. यांनी एकेका चुणीवरून बोट फिरवलं, सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग ते बोट पँटला पुसलं. पुसण्यासारखं त्यावर काहीच नव्हतं.

'अजून ओला आहे,' घरात येऊन हे म्हणाले.

तीनला पुतणीचा पुन्हा फोन आला, तेव्हाही यांनी तेच सांगितलं. साडेतीनलाही तेच.

मी काही तोंड बंद ठेवणारी बाई नाही. पण त्या दिवशी ठेवलं. यांचा चेहरा मला दिसत होता. माणूस घाबरला होता. दादांच्या समोर उभं राहून काय बोलायचं, याचंच भय होतं ते. वाटलं, बसू दे तासभर, धीर येईल. दादांची आशा डॉक्टरांनी वर्षात तीनदा सोडली होती आणि तिन्ही वेळा ते उठून बसले होते. आता वाटतं, दंडाला धरून गाडीत घालायला हवं होतं. ते मी केलं नाही, आणि याचा दोष मी यांच्यावर टाकू शकत नाही.

चारला यांनी तेल लावलं, घड्याळ लावून वीस मिनिटं मुरू दिलं, फिल्टर बसवला. साडेचारला निघून साडेसहाला पोचलो. पुतणी दारातच होती. दादा सहाला गेले होते.

तिनेच रडत रडत सांगितलं. 'तीनला बाबांनी विचारलं, तो निघाला का. मी म्हटलं, काकांचा फिल्टर अजून ओला आहे. तर बाबा चक्क हसले. म्हणाले, बरोबर आहे त्याचं. ओला बसवू नको म्हणावं. मी थांबतो.'

जमलेल्या नातेवाइकांना गहिवरून आलं. शेवटपर्यंत भावाचं काम जपलं म्हणाले. दादांचा राग कधीच गेला होता बघा, असंही कुणी म्हणालं. हे दादांच्या पायांशी बसून होते.

तिसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. अर्ध्या वाटेत, खणलेल्या रस्त्याच्या कडेला, यांनी गाडी थांबवली.

'दोन वाजता, दाराआड जाण्याआधी, तू फिल्टरला हात लावला होतास ना?'

'लावला होता.'

'ओलाच होता ना?'

तीस वर्षांत या माणसाची एक थाप मी पचू दिली नव्हती.

'ओलाच होता,' मी म्हणाले.

तेव्हा हे स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. मी खोटं बोलतेय, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.